बिद्दूच्या जुन्या रेकॉर्डी: नाशिकच्या बाजारात काय उचलावं, काय सोडावं

निकाल आधी सांगून टाकू. संगीतकार-निर्माता बिद्दूचं काम ऐकण्यासाठी एकच जुनी रेकॉर्ड घ्यायची असेल, तर ‘डिस्को दीवाने’ घ्या, एचएमव्हीची, १९८१ची. ‘कुर्बानी’ चकचकीत आणि स्वस्तात मिळाली तरच. अलिशाच्या ‘मेड इन इंडिया’ची कॅसेट घ्यायला हरकत नाही, पण आतला स्पंज बघून. बाकी इंग्लंडात निघालेल्या त्याच्या रेकॉर्डी इकडे फार क्वचित दिसतात. दिसल्या तर कव्हर पाहून हुरळू नका, खाचा पाहा.

कव्हरवर चेहरा गाणाऱ्यांचा असतो, त्यामुळे बिद्दू अप्पय्या हे नाव नेहमी मागे राहिलं. बंगळूरचा हा माणूस ‘ट्रोजन्स’ नावाच्या बँडमध्ये रॉक गायचा. कलकत्ता-मुंबईच्या हॉटेलांत गाऊन झाल्यावर साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं इंग्लंड गाठलं. तिथे १९६९मध्ये ‘टायगर्स’ या जपानी बँडचं ‘स्माइल फॉर मी’ त्यानं केलं आणि ते जपानात चाललं. मग १९७४ साली कार्ल डग्लसचं ‘कुंग फू फायटिंग’. हे गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूसाठी, स्टुडिओची वेळ संपत आली असताना उरकलेलं होतं. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे ते पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७६मध्ये टीना चार्ल्सचं ‘आय लव्ह टू लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिलं आलं. त्याच सुमारास स्वतःच्या वाद्यवृंदाचं ‘रेन फॉरेस्ट’ही आलं, त्यात गाणारं कुणी नाही. म्हणजे १९८०मध्ये फिरोज खानच्या ‘कुर्बानी’साठी ‘आप जैसा कोई’ करायला घेतलं, तेव्हा त्याच्या हाताखालून डिस्को पुरता घडून गेला होता. हिंदी सिनेमाला डिस्को ‘शिकावा’ लागत होता तेव्हा हा गडी त्याचा कारागीर होता.

त्याची कारागिरी कुठे आहे ते समजून घेतलं तरच जुनी रेकॉर्ड कशी निवडायची ते कळतं. ती चालीत आहेच, पण त्याहून जास्त तळाशी आहे. चारही मात्रांवर सारखा पडणारा पायाचा ड्रम, त्याला चिकटून चालणारा बेस, वर झांजेची बारीक ‘त्स-त्स’, आणि मध्ये एकावर एक चढवलेले आवाजांचे थर. नाशिक ढोलाच्या गावात राहणाऱ्याला फरक लगेच कळेल. आपला ढोल घुमतो, टिपरू पडल्यावर आवाज पसरत जातो आणि पुढचा ठोका त्या घुमण्यावर येऊन बसतो. बिद्दूचा ड्रम कोरडा आहे. ठक् करून थांबतो, आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत बेस बोलतो. ही मोकळी जागा ऐकू आली नाही, तर उरतं फक्त वरातीतलं गाणं. आणि वाईट सुई, सुईवर ठेवलेल्या नाण्याचं वजन, चुकीची जोडणी या तिन्ही गोष्टी नेमकी हीच जागा खातात.

नाशिकमध्ये माल येतो मुख्यतः दोन वाटांनी. जुन्या नाशकातले वाडे पाडून तिथे इमारती उभ्या राहतायत, त्यांच्या माळ्यावरून निघालेली खोकी भंगारवाल्याकडे जातात. दुसरी वाट म्हणजे गोदाकाठचा बुधवारचा बाजार, तिथे जुन्या सामानात कधी पाच-दहा रेकॉर्डी हाती लागतात. दोन्हीकडे विकणाऱ्याला गाणं माहीत असतं, मालाची अवस्था माहीत नसते. तो ‘हिट आहे साहेब’ म्हणतो आणि ते खरंच असतं. अडचण तीच आहे. जी हिट होती, ती सर्वात जास्त घासली गेली. त्याच खोक्यातलं कुणी न ऐकलेलं शास्त्रीय गायन कोऱ्यासारखं निघतं आणि ‘कुर्बानी’ राखाडी झालेली असते.

राखाडी म्हणजे काय ते नीट पाहा. मोबाइलची बॅटरी लावा आणि उजेड वरून न टाकता कडेनं, अगदी तिरका टाका. चांगल्या खाचा काळ्या आणि ओल्यासारख्या चमकतात. झिजलेल्या खाचांवर पाटी पुसल्यासारखी पांढुरकी झाक दिसते, विशेषतः गाण्याच्या जोरकस भागांत. ही धूळ नव्हे. ओल्या बोटानं पुसून गेली तर धूळ, राहिली तर झीज. झीज धुऊन जात नाही, कितीही महागडं औषध लावा. त्या काळी घरोघरी सिरॅमिक कार्ट्रिजचे (कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा भाग) प्लेयर होते, सुई खाचेवर पाच-सहा ग्रॅमनं दाबणारे. सुई उड्या मारायला लागली की लोक सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवत. ते नाणं अडीच-पावणेतीन ग्रॅमचं. आजची साधी चुंबकी कार्ट्रिज दोन ग्रॅमवर चालते, तिथे आठ ग्रॅम पडले. त्यात सुई बोथट झालेली. गणपतीच्या मंडपात तीच रेकॉर्ड दहा दिवस फिरली असेल, तर खाचेच्या भिंती छिलल्या गेल्याच समजा.

चरे वेगळे. ते झिजेपेक्षा परवडले. केसासारखे बारीक चरे दिसतात जास्त, ऐकू कमी येतात. नख हलकेच आडवं फिरवा. नखाला लागला तर सुईलाही लागणार. खाचा ओलांडून गेलेला चरा दर फेऱ्याला एकदा ‘टक’ करतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगानं एक फेरा १.८ सेकंदाचा. चरा पाव इंच रुंदीच्या पट्ट्यावर पसरला असेल, तर तेवढ्या खाचा संपेपर्यंत हा टकटकाट चालू राहील. डिस्कोत हे दुप्पट खुपतं, कारण त्याचा ठेका गाण्याच्या ठेक्याशी जुळत नाही. भावगीतात कान अशा टकटकीकडे दुर्लक्ष करतो, इथे नाही. खाचेच्या दिशेनं गेलेला चरा दिसायला किरकोळ असतो, पण तोच सुईला एका जागी अडकवून ठेवतो. तो दिसला की रेकॉर्ड खाली ठेवा.

मधल्या भोकाभोवतीचं लेबलही वाचायला शिका. त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतात, अंधारात प्लेयरचा मधला खुंटा शोधताना उमटलेल्या. दोन-चार रेघा म्हणजे मोजकीच वाजलेली. सगळं लेबल खरवडलेलं असेल तर मालकानं हौस पुरेपूर फेडून घेतलेली. खोटं न बोलणारी ही एकच खूण. शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक लेबलवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा आणि लेबल कव्हरशी. माळ्यावरच्या खोक्यात कव्हरांची अदलाबदल इतकी झालेली असते, की नाझियाच्या कव्हरात भजनं निघतात.

वाकडेपणासाठी रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा, ताट पारखतात तशी. पत्र्याच्या माळ्यावर एप्रिल-मे काढलेली रेकॉर्ड बशीसारखी होते. कड थोडी लहरत असेल तर चालेल, सुई वर-खाली होत निभावून नेते. पण एका जागी चिमटल्यासारखी वर आली असेल तर तिथे सुई उडणारच. काचांमध्ये दाबून उन्हात ठेवायचा उद्योग करू नका. रेकॉर्डीचं व्हिनाइल ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि नाशिकच्या मे महिन्यात काचेखाली तेवढं तापायला वेळ लागत नाही. रेकॉर्ड सपाट होईल, खाचाही होतील.

आता ‘डिस्को दीवाने’. नाझिया आणि झोहेब हसन ही कराचीची भावंडं. ‘आप जैसा कोई’ गायली तेव्हा नाझिया १५ वर्षांची होती आणि त्या गाण्याला फिल्मफेअर मिळालं. लगेच पुढच्या वर्षी हा अल्बम आला. सिनेमा नाही, नायक-नायिका नाहीत, तरी हिंदी गाण्यांचा अल्बम धडाक्यानं खपला, ही तेव्हा नवलाईच होती. वस्तू म्हणूनही तो उजवा, कारण अथपासून इतिपर्यंत एकाच कारागिराचा हात आहे. नाझियाचा आवाज मुळात पातळ, किंचित अनुनासिक. बिद्दूनं तो झाकला नाही, त्यावर तिचाच आवाज पुन्हा चढवला. दोन्ही गायनं मुद्दाम तंतोतंत जुळत नाहीत, त्या सूक्ष्म अंतरामुळे आवाज रुंद आणि थोडा धुकट वाटतो. चांगल्या सुईवर हे दोन थर डावी-उजवीकडे किंचित सुटे होतात. झिजलेल्या रेकॉर्डीवर त्यांचा एकच चिकट गोळा होतो.

दुकानात प्लेयर असेल तर ‘डिस्को’ या शब्दातला ‘स’ ऐका, सगळी परीक्षा त्यात आहे. धड रेकॉर्डीवर तो स्वच्छ, दंत्य ‘स’ असतो. झिजली असेल तर तो ‘श्श’सारखा फाटतो, थुंकी उडाल्यासारखा. नंतरच्या ‘आहा’लाही कान द्या. अनेक गळे एकत्र येतात तिथे खाच सर्वात जास्त थरथरते आणि झीज तिथेच उघडी पडते. मग लेबलला लागून असलेलं, त्या बाजूचं शेवटचं गाणं लावा. आतल्या फेऱ्यांचा परीघ लहान, त्यामुळे तेवढ्याच वेळात सुईखालून कमी लांबीची खाच जाते आणि बारीक आवाज दाटीवाटीनं कोरलेले असतात. बाहेरचं गाणं छान, आतलं फाटलेलं, असं बऱ्याचदा होतं. दुकानदार नेहमी पहिलं गाणं लावून दाखवतो. त्यात त्याचं काही लबाडीचं नाही, सवय आहे, पण तुम्ही शेवटचं मागा.

‘कुर्बानी’ची एलपी पॉलिडोरची. भरपूर खपली, म्हणून आजही भरपूर दिसते. दुर्मीळ म्हणून कुणी भाव चढवला तर हसून पुढे जा. त्यात बिद्दूचं गाणं एकच, बाकीची कल्याणजी-आनंदजींची. त्यामुळे बिद्दूसाठी म्हणून ही रेकॉर्ड घेणं म्हणजे एका वेलदोड्यासाठी सगळा मसाला विकत घेणं. तरी तुलनेसाठी ती मजेची आहे. मुंबईत बांधलेली गाणी आणि लंडनमध्ये बांधलेलं ‘आप जैसा कोई’ लागोपाठ ऐकली, की मुंबईचा वाद्यवृंद एका खोलीत एकत्र बसल्यासारखा वाटतो, बिद्दूकडे प्रत्येक वाद्य आपापल्या कोपऱ्यात उभं असतं. इंदीवरांचे शब्द मात्र दोन्हीकडे सारखेच घरचे. १९८२च्या ‘स्टार’ची, म्हणजे ‘बूम बूम’ची रेकॉर्ड त्या मानानं कमी घासलेली सापडते. सिनेमा पडला त्याचा हा फायदा. दोनदोन ‘डिस्को दीवाने’ पारखून कंटाळा आला असेल तर तीच उचला.

पुष्कळ चांगल्या रेकॉर्डी घरी आणल्यावर फुकट बदनाम होतात, त्याचं कारण जोडणी. रेकॉर्ड कोरताना बेस मुद्दाम बारीक आणि झांजेचा भाग मोठा करून कोरलेला असतो. तसं केलं नाही तर बेसच्या रुंद वळणांमुळे एका बाजूवर गाणी मावणार नाहीत. २० हर्ट्‌झला हा फरक जवळपास २० डेसिबलचा असतो, वरच्या टोकाला तेवढाच उलटा. तो पूर्ववत करायचं काम फोनो प्रीअँपचं. चुंबकी कार्ट्रिजची वायर थेट अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये, म्हणजे साध्या जोडणीत, घातली, तर आवाज बारीक, पत्र्यासारखा आणि बेस गायब. लोक म्हणतात, ‘रेकॉर्डमध्ये दम नाही.’ उलट जुन्या सिरॅमिक प्लेयरची वायर फोनोत घातली तर सगळं भरकटतं, घुमतं, फाटतं. चुंबकी कार्ट्रिज फोनोत, सिरॅमिक ऑक्समध्ये, एवढं लक्षात ठेवा. नवा प्लेयर घेतला असेल तर मागे ‘फोनो-लाइन’ असा छोटा खटका असतो. अँप्लिफायरला वेगळा फोनो नसेल तर तो ‘लाइन’वर हवा. दोन्हीकडचा फोनो चालू राहिला तर बेस दोनदा वाढतो, आणि बिद्दूचा कोरडा ड्रम थेट मिरवणुकीतला होतो.

सुईचा दाब अंदाजानं ठेवू नका. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई कार्ट्रिज असेल तर १.८ ते २.२ ग्रॅम, साधारण २ वर ठेवावा. स्वस्त प्लेयरांत येणारी ३६००एल ही २.५ ते ३.५ ग्रॅमची. कमी दाब म्हणजे रेकॉर्डीला माया, हा गैरसमज आहे. कमी दाबावर सुई खाचेत तरंगते, जोरकस ठेक्याला भिंतींवर आपटते आणि नुकसान जास्त करते. सोनाराकडचा छोटा डिजिटल काटा याला पुरेसा आहे, फक्त सुई काट्यावर टेकताना ती रेकॉर्डीच्याच उंचीवर असावी. आणि थोडी झिजलेली रेकॉर्ड टाकून देण्याआधी वेगळ्या आकाराची सुई लावून पाहा. जुन्या गोल टोकाच्या सुईनं भिंत ज्या उंचीवर खाल्ली, त्याच्या खाली किंवा वर लंबगोल सुई टेकते. तिथे कधीकधी न खाल्लेलं गाणं शिल्लक असतं. नेहमी नाही, पण असतं.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण माळ्यावरच्या मालाला त्याशिवाय गती नाही. ४०० मिली डिस्टिल्ड पाणी, १०० मिली शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, जास्त नाही. गॅरेजमध्ये बॅटरीत टाकायचं सीलबंद पाणी मिळतं, ते चालतं. बोअरचं पाणी नको, सुकल्यावर खाचेत पांढरा क्षार बसतो आणि चटचट धुण्याआधीपेक्षा वाढते. सॅनिटायझर अजिबात नको, त्यात ग्लिसरीन असतं. सर्जिकल स्पिरिटमध्येही तेलकट अंश असू शकतो, तेही टाळा. घरात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर हे मिश्रण त्यांच्या जवळपासही नेऊ नका, अल्कोहोलनं लाख विरघळते.

लेबलवर डब्याचं झाकण घट्ट धरा. मऊ केसांचा ब्रश मिश्रणात बुडवून खाचेच्या दिशेनं गोल फिरवा, एका दिशेला पाच-सहा फेरे, मग उलट. आडवा घासायचा नाही. बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर मिश्रण दोन मिनिटं राहू द्या आणि मग ब्रश. पुढे नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा निथळा. बहुतेक जण ही पायरी टाळतात, आणि साबणाचा थर सुईवर गोळा होऊन दहा मिनिटांत आवाज मंद होतो. ताटं उभी ठेवायच्या जाळीत सुकवा, पंख्याखाली नाही, पंखा धूळ आणून बसवतो. जुन्या प्लॅस्टिकच्या पिशवीत परत घालू नका. ती उन्हाळ्यात रेकॉर्डीला चिकटते आणि धुक्यासारखा डाग सोडते, तो डाग सतत सुळसुळ करतो. नवी कागदी पिशवी घ्या. फेव्हिकॉल ओतून सोलायची युक्ती पुष्कळ जण सांगतात. थर कुठे पातळ राहिला की तिथेच तुटतो, आणि खाचेत सुकलेला फेव्हिकॉल काढायला मग काही उपाय नाही.

‘मेड इन इंडिया’ १९९५ची, मॅग्नासाउंडची. हे गाणं आधी नाझियासाठी होतं. पाकिस्तानातल्या लोकांना रुचणार नाही म्हणून तिनं नकार दिला आणि ते अलिशा चिनॉयकडे आलं, असं सांगितलं जातं. ‘कुंग फू’नंतर २१ वर्षांनी तोच हात, ड्रम आता यंत्राचा. कॅसेटवर तळ रेकॉर्डीइतका ठाम येत नाही, पण गाणी त्याच माध्यमासाठी बांधलेली असल्यानं फार बिघडत नाही. विकत घेताना कॅसेटच्या खालच्या तोंडातून डोकावा. फितीमागे तांब्याच्या पातळ पट्टीवर तपकिरी स्पंज असतो. तो गळून पडला असेल तर फीत हेडला टेकत नाही, आणि आवाज दबका, एका बाजूचा येतो. गिऱ्हाईक म्हणतं कॅसेट गेली. फीत ठणठणीत असते, गेलेला असतो एक तुकडा स्पंज. कॅसेट स्क्रूची असेल तर दुसऱ्या निकामी कॅसेटमधली पट्टी काढून बसवायला दहा मिनिटं लागतात. चिकटवून बंद केलेली असेल तर फोडावी लागते, म्हणून शक्यतो स्क्रूची घ्या. वाजवण्याआधी पेन्सिल घालून फीत एकदा शेवटपर्यंत हातानं फिरवा. कुठे अडली, चिकटली तर तिथे प्लेयरनं ती गिळलीच असती. हेड आणि रबरी रोलर कापसाच्या काडीनं पुसा, हेडला अल्कोहोल, रोलरला नुसतं ओलं कापड.

पावसाळ्यात बुधवारच्या बाजारात रेकॉर्डी घेऊ नयेत. कव्हर ओलं असतं, पुठ्ठा फुगलेला असतो, आणि आतली बुरशी घरच्या बाकीच्या कव्हरांना लागते. दिवाळीनंतर जा. वाडे रिकामे व्हायचे तेही बहुधा तेव्हाच होतात.